घर नसलेला पत्ता

बाईंनी गेल्या महिन्यात स्वतःचं प्रमेय मोडीत काढलं. मी तिथे होते. काय पाहिलं ते अजून मला धड सांगता येत नाही. लिहून बघते.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहते. साहित्य शिकले, आता एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. गणिताशी माझं नातं शाळेतच तुटलं आणि दोन्ही बाजूंना हायसं वाटलं. बाई संध्याकाळच्या कॉलेजात गणित शिकवतात. या वर्षअखेर निवृत्त होतील. त्यांना सगळे बाईच म्हणतात. विद्यार्थी, शेजारी, मी, आणि चेष्टेच्या सुरात असले की काकाही.

काका म्हणजे त्यांचे यजमान. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. चष्मेवाल्याची बायको असून बाईंना चष्मा कधी सापडत नाही. काकांनी त्यावर तोड काढली. दुकानात न खपलेल्या फ्रेमांना बाईंच्या नंबरच्या काचा बसवल्या आणि त्या घरभर पेरून ठेवल्या. एक फ्रिजवर, एक न्हाणीघराच्या खिडकीत, एक माझ्या जिन्यात. त्यामुळे बाई कधी हिरव्यागार, तर कधी मांजरीच्या डोळ्यांसारख्या वर गेलेल्या फ्रेममध्ये वर्गावर जातात. विद्यार्थ्यांना वाटतं, बाई हौशी आहेत.

विद्यार्थी दिवसभर काम करून येतात. नर्स, बँकेतले, गोदामातले. पहिल्या तासाला निम्मे पेंगतात. बाई त्यांना उठवत नाहीत, फक्त आवाज खाली आणतात. मी एकदा मागच्या बाकावर जाऊन बसले होते. घरात मांजर वावरतं तसा त्यांचा आवाज वर्गात वावरत होता. फळ्याशेजारी डस्टर असतो. बाई उजव्या बाहीने पुसतात. त्यांच्या झाडून सगळ्या स्वेटरांची उजवी बाही पांढरी आहे. मुलगी म्हणते, आई, डाव्या बाहीलाही कधी कामाला लाव.

बाईंचे वडील टाइल्स बसवायचे. सुट्टीच्या दिवशी ते बाईंना बरोबर न्यायचे. रिकाम्या घरात एका कोपऱ्यात बसवायचे आणि सांगायचे, हलू नकोस, सिमेंट ओलं आहे. मग ही लहान मुलगी तासन्‌तास जमिनीकडे बघत बसायची. एकदा वडिलांनी तिला बोटाने दाखवलं की एवढा चौकोन नीट बघितला की सगळी खोली बघितल्यासारखंच आहे. नमुना सरकवला तर तो स्वतःवरच येऊन बसतो. बाई म्हणतात, पुढे मी जे काही शिकले ते हेच. फक्त खोली मोठी होत गेली.

मी राहायला आले तेव्हा विचारलं होतं की तुम्ही नेमकं काय करता. बाई मला दुकानात घेऊन गेल्या. तिथे फ्रेमांचा फिरता स्टँड आहे. मध्ये दांडा, त्याभोवती लहानमोठी कडी, कड्यांवर फ्रेमा. बाईंनी तो गोल फिरवला आणि विचारलं, हे फिरताना काय बदलत नाही?

मी म्हणाले, किंमत.

काका काउंटरमागून म्हणाले, "तीच रोज बदलते."

बाईंनी दोघांकडेही दुर्लक्ष केलं. जमिनीपासूनची उंची बदलत नाही, त्या म्हणाल्या. दांड्यापासूनचं अंतर बदलत नाही. हे दोन आकडे सांगितले की फ्रेम कुठल्या कड्यावर आहे ते कळतं. कड्यावर नेमकी कुठे आहे ते कळत नाही, आणि कळायला नको. कारण ती फिरतेच आहे. मग असं समज की एकेक कडं म्हणजे एकेक घर आणि हे आकडे म्हणजे त्या घराचा पत्ता. सगळा स्टँड विसरून जा. फक्त पत्ते एका कागदावर मांड. तो कागद म्हणजे भागाकार. फिरवण्याने स्टँडला भागलं आणि कागद उरला.

एवढं मला कळलं. मी म्हणालेही तसं. बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, आता अडचण ऐक. पत्ता कसाही लिहिलेला चालत नाही. माझ्या क्षेत्रात तो संमिश्र फलनांनीच, म्हणजे एका खास जातीच्या सूत्रांनीच लिहायचा असतो. ही फलनं फार शिस्तीची. एका गल्लीतलं त्यांचं वागणं कळलं की सगळ्या गावातलं ठरून जातं. दांड्यापासूनचं अंतर त्यांच्या शिस्तीत बसत नाही, म्हणून ते बाद. असे एकेक पत्ते बाद होत जातात. मग उरलेल्यांत काम भागतं का? हा माझा प्रश्न.

प्रश्न बाईंच्या बरोबर म्हातारा होत आला होता. मुलीच्या जन्माआधीपासून तो घरात आहे. काका त्याची चौकशी घरातल्या आजाऱ्यासारखी करतात. दुकान बंद करून वर आले की विचारतात, कसं आहे आज? ताप उतरला?

मग तीन वर्षांपूर्वी ताप उतरला. बाईंना प्रमेय सापडलं. फिरवण्याचा एक अवघड प्रकार, आणि जागेवर काही अटी. त्या अटी पाळल्या तर दोन गोष्टी नक्की होतात. एक, प्रत्येक घराला स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो. दोन, प्रत्येक पत्त्यावर घर असतं. म्हणजे भागाकार चोख. बाईंनी ते लिहून काढलं, पुन्हा लिहिलं, आणि मग शनिवार सुरू झाले.

शनिवारी दुपारी बाई स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून पुरावा तोंडी सांगतात. कागद नाही, फळा नाही. हाताला काहीतरी काम, बहुतेक वेळा मटार सोलणं. आणि समोर असा माणूस, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आधी त्या काकांना सांगायच्या. पण काका झोपतात. म्हणून मी. मी विचारलं की कळणाऱ्या माणसाला का सांगत नाही. तर म्हणाल्या की कळणारा मान डोलवतो, आणि मान डोलली की मी पुढे पळते. तू डोलवत नाहीस. मला प्रत्येक पायरीवर उभं राहावं लागतं.

मी मान न डोलवता बसायची. खरं तर मला ते आवडायचं. कविता न कळता आवडते तसं.

या थंडीच्या सुरुवातीला एका मोठ्या नियतकालिकाने प्रमेय स्वीकारलं. दोन परीक्षकांनी ते तपासलं होतं, दोघांनी होकार दिला होता. आता फक्त छापायचं बाकी. कॉलेजने ठरवलं की निवृत्तीआधी बाईंचं त्यावर व्याख्यान ठेवायचं. बाईंना तिथे कोणी असा मान कधी दिला नव्हता. त्यांनी काकांना व्याख्यानासाठी एक साधी काळी फ्रेम करायला सांगितली. काका म्हणाले की म्हणजे एवढी वर्षं मी तुला साधी फ्रेम देत नव्हतो असा सगळ्यांचा समज होणार.

आता जावई.

बाईंची मुलगी दातांची डॉक्टर आहे आणि तिचा नवरा गणितज्ञ. तोही बाईंच्याच क्षेत्रातला, विद्यापीठात. मुलीला गणिताचा तिटकारा. आईच्या एका परिषदेला नाइलाजाने गेली आणि तिथे चहाच्या रांगेत तिला हा भेटला. बाई म्हणतात, पोरगी गणितापासून पळाली आणि दमून गणिताच्याच ओसरीवर बसली. जावई उंच, वाकलेला, कमालीचा भिडस्त. बाई त्याला अहोजाहो करतात आणि जावईबापू म्हणतात, म्हणजे चिडवतात. तो त्यांना आई म्हणतो आणि मान खाली घालतो. घरात येतो तेव्हा दारालाही धक्का लागू नये असा येतो.

प्रमेय स्वीकारल्याचं कळल्यावर बाईंनी त्याला एक छापील प्रत दिली होती. तोवर त्यांनी ते त्याला मुद्दाम दाखवलं नव्हतं. घरच्या माणसाने पास केलं असं कोणी म्हणायला नको म्हणून. पुढच्या रविवारी तो आणि मुलगी जेवायला आले. मला खाली बोलावणं होतंच. त्याने प्रत परत दिली आणि म्हणाला, छान आहे.

बाई जेवण वाढायच्या थांबल्या. प्रत हातात घेऊन पानं उलटली. शेवटपर्यंत गेल्या, परत पहिल्यावर आल्या. मला वाटलं, कौतुकाने बघताहेत.

हे मला नंतर कळलं. या गणितवाल्यांच्यात एकमेकांचा पुरावा पेन्सिल घेऊन वाचतात. पटलं नाही तिथे रेघ, अडलं तिथे प्रश्न, कंटाळा आला तिथे चित्रं. ज्याने मन लावून वाचलं त्याच्याकडून कागद मळून परत येतात. बाईंकडे एका सहकाऱ्याने पाठवलेली जुनी प्रत आहे, तिच्यावर सांडलेल्या कॉफीच्या डागालाही बाण काढून त्याने प्रश्नचिन्ह केलेलं आहे. ती प्रत बाईंनी जपून ठेवली आहे. आणि जावयाने दिलेली प्रत दुकानातून आणल्यासारखी कोरी होती.

बाई म्हणाल्या, "वाचलंत?"

"हो, आई."

"सगळं?"

"हो."

"जावईबापू, एवढे स्वच्छ कागद मला कोणी कधी परत दिले नाहीत. एकतर तुम्ही वाचलेलं नाही, नाहीतर तुम्ही मूग गिळून बसला आहात."

मुलगी म्हणाली, "आई, माझ्या खुर्चीत बसव त्याला. मी उघडायला लावते तोंड." कोणी हसलं नाही. ती स्वतःही नाही.

जावई चमच्याकडे बघत म्हणाला की सातव्या पानावर त्याला जरा शंका आली. कदाचित त्याचंच चुकत असेल. परीक्षकांना पटलं आहे. छपाईला गेलं आहे. व्याख्यान ठरलं आहे. म्हणून त्याला वाटलं की...

"कधी आली शंका?"

"त्याच रात्री. वाचलं तेव्हा."

बाईंनी प्रत मिटली. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी तोंड उघडलं तेव्हा आवाज वर्गातल्यासारखा, खाली आणलेला होता.

"माझी चूक तुम्हाला दिसली, आणि ती माझ्यापासून झाकून तुम्ही इथे बसून जेवलात. मी काय काचेचं भांडं आहे?"

तो उठला. आई, मी सांगतो, असं म्हणून पेन्सिल शोधायला लागला. सातव्या पानावर काय अडतं ते दाखवणार होता. बाईंनी प्रत छातीशी धरली.

"नाही. कुठे ते सांगितलंत तेवढं पुरे. काय ते सांगू नका. माझं मी शोधीन."

मग त्यांनी सगळ्यांना वाढलं. पण त्या दिवसापासून जावईबापू हा शब्द बंद झाला. बाई त्याला सर म्हणायला लागल्या. सर, मीठ द्या. सर, दार लावा. तो प्रत्येक वेळी दचकायचा. काका मला हळूच म्हणाले की ही कोणावर चिडली की त्याला मान देते, मला लग्नानंतर वर्षभर साहेब म्हणत होती.

पुढचे आठवडे अवघड गेले. बाई सातव्या पानाशी बसल्या. तिथे काय असणार ते त्यांच्या लगेच लक्षात आलं होतं. शनिवारी मटार सोलत त्यांनी मला सांगितलं. दोन घरांना एकच पत्ता मिळण्याची भीती. समज, शेजारची घरं एका रांगेत जवळ जवळ सरकत येताहेत, आणि एकाच वेळी दोन वेगळ्या घरांच्या दारात पोचताहेत. मग पत्त्याला ती दोन घरं वेगळी ओळखताच येत नाहीत. घरं दोन, पत्ता एक. असं होतं, बाई म्हणाल्या. मीच शिकवते की असं होतं. माझ्या अटी घातल्यावर होत नाही असं मी म्हटलं आहे. पण का होत नाही, ते सातव्या पानावर मी फार घाईत सांगितलं आहे. पोराचं बरोबर आहे.

त्यांनी त्याला पोर म्हटलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

प्रमेय पडलं तर काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाईंच्या नावावर दुसरं मोठं काही नाही. संध्याकाळचं कॉलेज, पेंगणारे विद्यार्थी, दोनचार लहान लेख. निवृत्तीनंतर कॉलेजातली खोली जाईल, फळा जाईल. हे एक उरणार होतं. मुलगी मला जिन्यात गाठून विचारायची, जेवते का ती? मी सांगायची, जेवतात, पण काय जेवल्या ते त्यांना विचारू नकोस. काकांनी ताप उतरला का हे विचारणं सोडलं होतं. ते नुसते वर यायचे आणि बाईंच्या तोंडाकडे बघायचे.

एका सकाळी माझ्या दारावर थापा पडल्या. बाई होत्या. चष्म्यावर चष्मा, एक डोळ्यांवर, एक डोक्यावर. सातवं पान उभं राहिलं होतं. नवा पुरावा, लांब, पण भक्कम. घरं दोन आणि पत्ता एक असं त्यांच्या अटींखाली होऊच शकत नाही. त्यांनी तिथेच जिन्यात मला सगळं सांगितलं. मी मान डोलावली. पहिल्यांदाच. त्यांनी चालवून घेतलं.

त्या रविवारी जावई आला तेव्हा बाईंनी त्याला फळ्यासमोर उभं केलं. फळा त्यांच्या जेवणाच्या खोलीत आहे, कपाटाच्या दाराला काळा रंग देऊन केलेला. त्यांनी नवा पुरावा मांडला. तो ऐकत होता आणि त्याचे कान लाल होत होते. शेवटी म्हणाला, पटलं. मग त्याच्या तोंडावर असं हसू आलं की मी बघत राहिले. आपण चुकलो याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. काकांनी दुकानाला सुट्टी दिली. मुलगी म्हणाली की आता तरी त्याला सर म्हणणं बंद कर, रात्री झोपेत दचकतो. बाई म्हणाल्या, बघू.

गोष्ट इथे संपली असती. संपादकांना फक्त नवं सातवं पान पाठवायचं होतं.

बाईंनी ते पाठवलं नाही. नवं पान लिहिल्यामुळे आता पुढचं सगळं त्याच डोळ्यांनी बघून घेते, म्हणाल्या. आपलंच लिहिलेलं, पण परक्याचं समजून. आम्हाला वाटलं, ही शेवटची हौस. शनिवारी त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि पुराव्याचा दुसरा अर्धा भाग सांगायला लागल्या. प्रत्येक पत्त्यावर घर असतं, हा. तो भाग मी कितीतरी वेळा ऐकला होता. तो लहान होता, सोपा होता, त्यात त्यांचा आवाज नेहमी चढा असायचा.

समज, एका पत्त्यावर घर नाही, त्या म्हणाल्या. सगळी गल्लीच गायब असेल, तर आपल्या फलनांना ते कळतं. गायब गल्लीच्या कडेला त्यांची तारांबळ उडते. तशी तारांबळ माझ्या अटींखाली होत नाही, हे मी दाखवलं आहे. म्हणून गल्ली गायब नाही. म्हणून घर...

मटाराची शेंग हातात राहिली.

"म्हणून घर गायब नाही," मी म्हणाले. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

"थांब," बाई म्हणाल्या.

नळ ठिबकत होता. खाली दुकानात काका कोणाला तरी अक्षरं वाचायला लावत होते. बाई माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या.

मग त्यांनी मला सांगितलं. फार सावकाश. कागदाला सुईने भोक पाडलं तर ते भोक कडेला येऊन उभ्या राहणाऱ्याला दिसतं. आमच्या मोजणीत कागद म्हणजे एकच मिती, आणि एका मितीत तसंच असतं. पण मिती दोन किंवा जास्त झाल्या की ही शिस्तीची फलनं एकट्या भोकाजवळ अडखळत नाहीत. सरळ वरून जातात. तिथे काय असायला हवं ते शेजारच्यांवरून ठरवतात आणि भरून टाकतात. गल्ली गायब असेल तर त्यांना कळतं. एकच घर गायब असेल तर कळत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, बाई म्हणाल्या. पहिल्या वर्षाच्या संशोधकालाही. मी गल्ली आहे हे सिद्ध केलं, आणि घर आहे असं लिहिलं.

परीक्षकांच्या हे लक्षात आलं नव्हतं. जावयाच्याही नाही. तो सातव्या पानावरच अडला होता आणि पुढचं त्याने सोपं म्हणून वाचलं होतं. म्हणजे जगात हे दोघांना माहीत होतं. बाईंना, आणि न कळता मला.

मी म्हणाले की कदाचित तसं घर गायब असणारी जागा नसेलच. तुमच्या अटींखाली नसेल. बाई म्हणाल्या, तोच आता प्रश्न. त्यांनी फोन उचलला आणि जावयाला बोलावलं. मला वाटलं, बोलताना आवाज कापेल. नाही कापला. म्हणाल्या, "ताबडतोब या. तुमची चूक चुकीची होती. माझी बरोबर निघाली आहे."

तो जेवणाच्या वेळेला आला तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेला. मी वर होते. खालून खडूचा आवाज येत होता आणि मधूनमधून दोघांचे आवाज, एकमेकांवर चढणारे. त्याचाही चढत होता. नंतरही तो येत राहिला. कधी मुलगी बरोबर, कधी एकटाच. प्रमेय वाचवायचं म्हणून त्याने जिवाचं रान केलं. एक नवी अट सुचवली. बाईंनी ती फळ्यावर लिहिली, जराशी फिरवली आणि दाखवलं की ही अट म्हणजे प्रत्येक पत्त्यावर घर आहे असं धरूनच चालणं आहे. जे सिद्ध करायचं तेच आधी मागून घ्यायचं. पुसलं. उजव्या बाहीने. मग त्याने वाचवणं सोडलं आणि ते दोघे मिळून ती जागा शोधायला लागले, जिथे सगळ्या अटी पाळल्या जातात आणि तरी एक घर नाही.

ती बाईंना सापडली. पोळ्या करताना नाही, झोपेत नाही, असं त्या मुद्दाम सांगतात, कारण लोकांना तसं ऐकायला आवडतं. हिशोब करताना सापडली. लांबलचक, कंटाळवाणा हिशोब, आणि शेवटी एका पत्त्यावर कोणीच नाही.

बाईंनी त्याच दुपारी संपादकांना कळवलं की लेख मागे घेत आहे. त्यांचं उत्तर आलं की नवी अट घालून ठेवता येईल. बाईंनी नाही म्हटलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, खाली गेले आणि दुकानाचं शटर ओढलं. दिवसाढवळ्या. मग वर येऊन बाईंच्या शेजारी बसले. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की अहो, तोंड पाडू नका, गेलं ते गेलं.

व्याख्यान रद्द करा असं प्राचार्यांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, विषय तेवढा बदला.

खोली भरली होती. विद्यापीठातले काही लोक, कॉलेजातले सगळे, कामावरून थेट आलेले विद्यार्थी. बाईंनी फळ्यावर आधी प्रमेय लिहिलं. म्हणाल्या, हे माझं प्रमेय आहे आणि हे खोटं आहे. मग आधी सांगितलं की पहिला अर्धा भाग का खरा आहे आणि तो घट्ट करायला कोणाच्या शंकेने भाग पाडलं. जावयाचं नाव घेतलं, पूर्ण, पदवीसकट. तो शेवटच्या रांगेत होता. खाली बघत होता. मग त्यांनी ते उदाहरण मांडलं. खोलीतल्या निम्म्यांना कळलं नाही, पण पेंगलं कोणी नाही. मध्येच मागून आवाज आला.

"आई, थांबा. ही ओळ मला पटली नाही."

सगळे वळले. तो उभा होता. भर सभेत आई म्हटलं हे त्याच्या लक्षात आल्याचं दिसलं आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले, पण तो खाली बसला नाही. बाईंनी ओळ वाचली. परत वाचली. म्हणाल्या, चिन्ह उलटं लिहिलं आहे. पुसलं, नीट लिहिलं. आता? आता पटलं, तो म्हणाला, आणि मगच बसला.

सगळं झाल्यावर लोक बाईंना भेटत होते. आवाज खाली आणून बोलत होते, एखाद्याच्या घरी काही झालं की बोलतात तसे. मी गर्दी ओसरायची वाट बघितली. मग विचारलं, वाईट वाटतंय का?

"वाटतंय ना," बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं ज्याच्याबरोबर राहिले ते खोटं निघालं. रडले मी परवा. काकांना सांगू नकोस." मग त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना खडू होता. "पण अगं, ते भोक बघितलंस का? केवढंसं आहे. आणि सगळी फलनं त्याच्यावरून चालत जाताहेत, कोणाला पत्ताच नाही."

त्यांचे डोळे चमकत होते. मी मन लावून शोधलं, पण त्यात दुःख लपवल्याची खूण मला सापडली नाही. दुःख होतं. ते बाजूला उघडंच ठेवलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी हे.

तेवढ्यात जावई आला. त्याच्या हातात कोणाचं तरी निमंत्रणपत्र होतं आणि त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं. तो म्हणाला की हे उदाहरण फार मोठ्या जागेतलं आहे, याहून लहान जागेत जमेल. बाई म्हणाल्या, शक्य नाही. तो म्हणाला, शक्य आहे, हे बघा. बाईंनी नवी काळी फ्रेम कपाळावर चढवली आणि कागद डोळ्यांजवळ नेला. दोघे दारातच उभे होते. लोकांना वाट काढून बाहेर जावं लागत होतं. काका खुर्चीत बसून होते, ते उठून दोघांचे कोट घेऊन आले. कोणी घेतले नाहीत.

"इथे चुकताय तुम्ही, जावईबापू," बाई म्हणाल्या.

"नाही चुकत, आई. खालची ओळ वाचा."

मुलीने त्याच्या खिशातून गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. त्याला कळलंही नाही. ती मला म्हणाली, चल, आपण तिघं जाऊ, यांचं उरकणार नाही. आम्ही काकांना घेऊन निघालो. मी जिन्यावरून वळून बघितलं. बाई पेन्सिलीची ओळ बोटाने पकडून वाचत होत्या आणि मान हलवत होत्या. होकारार्थी की नकारार्थी, ते तेवढ्या अंतरावरून कळत नव्हतं.